चव घ्या, औषध समजू नका

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक तरुण आला होता. डोंबिवलीहून रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारा, वय ३२-३३. तक्रार तशी नेहमीचीच, छातीत जळजळ आणि आंबट ढेकर. तपासले, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता त्याने दाराकडे एकदा पाहून घेतले आणि हळूच विचारले, ‘‘डॉक्टर, व्हिस्की बंद केलीय मी. आता फक्त वाईन घेतो. वाईन हार्टला चांगली असते ना?’’

वाचकहो, हा प्रश्न मी गेली तीस वर्षे ऐकतो आहे. पूर्वी मी त्याचे जे उत्तर देत असे, ते आज देत नाही. का देत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख. त्यात थोडी माझी चूक कबूल करायची आहे आणि थोडे एका चांगल्या जेवणाबद्दलही बोलायचे आहे. दोन्हींचा संबंध आहे.

चुकलेला सल्ला

१९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ‘फ्रेंच विरोधाभास’ नावाची गोष्ट गाजली. फ्रेंच माणूस लोणी खातो, चीज खातो, तरी त्याला हृदयविकार कमी कसा? उत्तर सुचवले गेले, जेवणाबरोबर घेतलेली वाईन. १९९२ साली ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाचा आणि त्यांच्या सहकाऱ्याचा लेख आला आणि या समजुतीला वजन प्राप्त झाले. आम्ही डॉक्टर मंडळीही त्या प्रवाहात वाहून गेलो. मीही अनेकांना सांगितले, ‘‘घ्यायचीच असेल तर वाईन घ्या, एखादा ग्लास, हृदयाला बरी.’’

त्या काळात माझ्याकडे एक गृहस्थ येत. सरकारी नोकरी, सालस स्वभाव, आयुष्यात कधी पान-तंबाखूही नाही. वडील हृदयविकाराने अकाली गेलेले, त्यामुळे मनात धास्ती. त्यांनी विचारले आणि मी वरील वाक्य बोलून गेलो. त्यांनी ते प्रिस्क्रिप्शनसारखे पाळले. काही महिन्यांनी वाईन परवडेना, म्हणून ब्रँडीवर आले. एका ग्लासचे दोन झाले. घरात कोणी काही म्हणाले तर उत्तर ठरलेले, ‘‘डॉक्टरांनीच सांगितलंय.’’ मध्यंतरी त्यांनी माझ्याकडे येणे कमी केले. पुन्हा आले तेव्हा पायांवर सूज होती, डोळे पिवळे होते आणि पोटात पाणी झाले होते. यकृत आकसले होते. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्यांच्या पत्नी नंतर एकदा रक्तदाब तपासायला आल्या. एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, ‘‘तुमच्या शब्दावर फार विश्वास होता हो त्यांचा.’’

माझ्या एका वाक्याने त्यांचे यकृत गेले असे मी म्हणत नाही. पण त्या वाक्याने एक दार उघडून दिले, हे मला नाकारता येत नाही. म्हणून आज लिहितो आहे.

आज आपल्याला काय माहीत आहे

त्या जुन्या अभ्यासांत एक मोठी गफलत होती. थोडी पिणारे आणि मुळीच न पिणारे अशी तुलना केली जाई. पण ‘न पिणाऱ्यां’च्या यादीत असे अनेक लोक असत, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडलेली होती. ते आधीच आजारी, मग त्यांच्याशी तुलना करता थोडी पिणारा ठणठणीत दिसणारच! शिवाय जेवणाबरोबर मोजून एक ग्लास वाईन घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, भाज्या-फळे खाणारा, वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो. श्रेय त्याच्या राहणीचे, नाव झाले वाईनचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले होते. तंबाखू ज्या गटात आहे, त्याच गटात. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, या अवयवांच्या कर्करोगाशी मद्याचा संबंध आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले की, आरोग्याला पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. प्रमाण कमी तर धोका कमी, प्रमाण वाढले की धोका वाढला, इतका साधा हिशेब आहे.

लाल वाईनमध्ये द्राक्षाच्या सालीतून रेस्व्हेरॅट्रॉल नावाचे द्रव्य उतरते, त्याचेही बरेच कौतुक झाले. पण ते इतके अल्प असते की, त्यापासून औषधी उपयोग होईल असे मानायला आधार नाही. पांढऱ्या वाईनमध्ये तर रस सालीपासून आधीच वेगळा करतात, तेव्हा ते आणखीच कमी. म्हणजे पांढऱ्या वाईनला ही सबबही उरत नाही.

गंमत अशी की, आपल्या राज्यात दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून लागू आहे आणि त्याखाली मिळणारा मद्याचा परवाना आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. कायद्याचे शब्द कायद्याला लखलाभ. डॉक्टरने तसे समजू नये.

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’

हे वाक्य २०२२ साली आपण फार ऐकले. त्या वर्षी जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि निर्णय अमलात आला नाही. राजकारणाशी मला कर्तव्य नाही. पण या वाक्यापुरता हिशेब मांडून दाखवतो.

वाईनमध्ये साधारण १३ टक्के मद्यार्क असतो. १५० मिलिलिटरचा एक ग्लास घेतला तर त्यात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये तो सुमारे १० ग्रॅम असतो. म्हणजे वाईनचा एक ग्लास बरोबर दीड छोटा पेग. ७५० मिलिलिटरची बाटली एकट्याने संपवली तर साडेसात पेग झाले! यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालात काढू शकते. एका ग्लासला दोन तास धरा. माझ्या त्या तरुण पेशंटने व्हिस्की सोडली खरी, पण तो रोज रात्री अर्धी बाटली वाईन घेत होता. म्हणजे पावणेचार पेग. अॅसिडिटी जाणार कशी?

घोडबंदर रोडवरचे जेवण

आता दुसरी बाजू. मी सोवळा माणूस नाही. वर्षातून दोन-चारदा, चांगल्या सोबतीत, मी अर्धा ग्लास वाईन घेतो. ते लपवून उपदेश करणे मला जमणार नाही.

मागच्या महिन्यात ठाण्याला भाच्याकडे जेवायला गेलो होतो. घोडबंदर रोडला राहतो. त्याला बढती मिळाली होती. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, तीही होती. भाच्याने फ्रिजमधून एक बाटली काढली आणि म्हणाला, ‘‘मामा, आज शार्दोने आहे.’’

ताईने विचारले, ‘‘शारदा कोण रे?’’

हसणे ओसरल्यावर त्याने समजावले. शार्दोने हे पांढऱ्या द्राक्षाच्या एका जातीचे नाव, मूळ फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांताचे. ही बाटली मात्र आपल्या सोलापूर जिल्ह्यातली, अकलूज भागातल्या फ्रातेल्लीच्या मळ्यांतली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून तो उद्योग उभा केला. आपल्या मुलखात हे द्राक्ष तसे परके नाही. १९८० च्या दशकात शाम चौगुले यांनी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फेसाळ वाईन करून परदेशात पाठवली, त्यातही शार्दोने होते. कल्याणहून मुरबाड-माळशेजमार्गे गेले की नारायणगाव काही फार लांब नाही. नाशिकला राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० साली आली. पुढे २००१ साली राज्य सरकारने या उद्योगासाठी धोरण आखले, तेव्हापासून नाशिक परिसरात वाईनरी वाढत गेल्या.

बाटलीची किंमत ऐकून मी महिन्याच्या दुधाच्या बिलाशी तुलना करून टाकली. दुधाचे बिल हरले.

भाच्याने बाटली पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवली. थेट फ्रिजमधली वाईन इतकी गार असते की वासच लागत नाही, १०-१२ अंशांवर ती बोलू लागते, असे त्याचे म्हणणे. मग तीन ग्लासांत पाव-पाव ओतली. रंग पिकल्या लिंबाच्या सालीसारखा, किंचित सोनेरी. त्याने ग्लास गोल फिरवून आधी वास घ्यायला सांगितले. मी घेतला. सफरचंद, थोडे अननस आणि आणखी काहीतरी ओळखीचे, पण नाव सुचेना.

ताई आयुष्यात कधी प्यायलेली नाही आणि पिणारही नव्हती. पण तिने ग्लास नाकाशी नेला आणि क्षणात म्हणाली, ‘‘अरे, लोण्याचा वास आहे हा! ताक घुसळून गोळा वर येतो ना, तेव्हाचा.’’

भाचा थक्क झाला. कारण ती बरोबर होती. द्राक्षाच्या रसात दोन मुख्य आम्ले असतात. एक टार्टरिक, जे आपल्या चिंचेत असते. दुसरे मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असते. भारी शार्दोने करताना मॅलिक आम्लाचे रूपांतर मुद्दाम जिवाणूंकडून लॅक्टिक आम्लात करवून घेतात. लॅक्टिक म्हणजे आपल्या दह्यातले. आंबटपणाची धार बोथट होते आणि त्या क्रियेत डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते. लोण्याचा वास त्याचाच, आपल्या विरजणातल्या लोण्याचाही आणि वाईनचाही. पुढे ती वाईन ओक लाकडाच्या पिंपात मुरवतात, म्हणून व्हॅनिलाचा आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा खमंग वास येतो. जिने पन्नास वर्षे रवीने ताक घुसळले, तिला हे शिकवण्याची गरज काय?

कोणत्या पदार्थाशी जमते

जेवण सुनेने आणि ताईने मिळून केले होते. रवा लावून तळलेले पापलेट, नारळाच्या दुधातली कोळंबी, वालाचे बिरडे, भात, आणि भाच्याला हवे म्हणून आगरी मसाल्याचे बोंबलाचे कालवण. मी एकेक घास आणि एकेक लहान घोट असा प्रयोग केला.

नारळाच्या दुधातल्या कोळंबीशी तिचे उत्तम जमले. रस्सा मऊ, वाईनही मऊ, घोटाने तोंडातला स्निग्धपणा धुऊन निघाला आणि पुढच्या घासाची गोडी पहिल्यासारखी राहिली. पापलेटवर लिंबू पिळले तेव्हा वाईन जास्त गोल लागली. वालाच्या बिरड्याचा किंचित कडसरपणा आणि खोबऱ्याची गोडी, दोन्ही तिने खपवून घेतले. शाकाहारी मंडळींनी तूप घातलेली मऊ खिचडी किंवा पनीरचा सौम्य पदार्थ आठवावा, तत्त्व तेच.

बोंबलाच्या कालवणाशी मात्र भांडण झाले. मिरचीतल्या कॅप्सेसिनने तोंडातल्या ज्या तंतूंना आग लागते, तेच तंतू मद्यार्काने अधिक चेतवले जातात. त्यामुळे तिखट आणखी तिखट लागले आणि वाईन नुसती कडू. कालवणाचा दोष नाही, ते भाताबरोबर आणि पाण्याबरोबर खावे. लिंबाच्या लोणच्याने तर वाईनची चवच गेली. शेवटी आलेल्या श्रीखंडाबरोबर तीच वाईन आंबट लागू लागली. गोडापुढे न गोड वाईन टिकत नाही.

दीड तास जेवण चालले. माझा अर्धा ग्लास त्या दीड तासात संपला. तिघांपुढे ग्लास होते, पण ताईच्या ग्लासातला थेंबही हलला नाही, आणि तरी त्या रात्री वाईनबद्दल सर्वांत खरे वाक्य तिचेच होते. घरी परतताना मी रिक्षाने स्टेशनवर आलो आणि डोंबिवली गाठली. भाच्याने गाडीने सोडायची तयारी दाखवली होती, ती मी मोडून काढली. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर गाडी चालवणे गुन्हा आहे, आणि घोडबंदर रोडचे ट्रक कोणाचे परवाने तपासत नाहीत.

आपण पितो कसे

परतताना स्टेशनबाहेर नेहमीचे दृश्य दिसले. दुपारी एकला डबा खाल्लेला माणूस रात्री साडेनऊला गाडीतून उतरतो, रिकाम्या पोटी परमिट रूममध्ये शिरतो. क्वार्टर, सोडा, खारे दाणे आणि शेव. अर्ध्या तासात सारे आटोपते, कारण घरी जायचे असते. घरी अकराला जेवण, बरेचदा जेवणच नाही. कोणी काळी पिशवी घेऊन इमारतीच्या गच्चीवर जातो.

यात चव कुठे आहे? पोट रिकामे असले की मद्यार्क जठरातून लहान आतड्यात भराभर उतरतो आणि तिथून रक्तात जातो. पोटात जेवण असेल तर तो जठरात रेंगाळतो, रक्तातली पातळी तितकी चढत नाही. तेवढ्याच दारूने एकाला झिंग येते, दुसऱ्याला नाही, त्याचे एक कारण हे आहे. आपल्याकडे जेवण आणि पिणे वेगळे काढले, पिणे लपवले, आणि लपवलेली गोष्ट नेहमी घाईने होते. माझे स्पष्ट मत आहे की, आपल्या घरांचे जे नुकसान होते, त्यात दारूइतकाच या पद्धतीचा वाटा आहे.

म्हणून जे घेतातच, त्यांना मी इतके सांगेन. घ्यायची तर जेवणाबरोबर, घरच्यांसमोर, अर्धा किंवा फार तर एक ग्लास, आणि रोज नाही. बरोबर पाण्याचा ग्लास ठेवा. तहान पाण्याने भागवा, वाईनने नाही. वास घेण्याइतकाही वेळ नसेल, तर त्या दिवशी घेऊच नका.

आणि काहींनी अजिबात घेऊ नये. गर्भवती आणि बाळाला पाजणाऱ्या स्त्रिया, यकृताला चरबी किंवा सूज असलेले, झोपेच्या गोळ्या घेणारे, ज्यांना एका ग्लासवर थांबता येत नाही ते. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर मद्य वर्ज्य. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर मद्यामुळे अचानक खाली जाऊ शकते. दम्याच्या काही रुग्णांना वाईनमधल्या सल्फाइटने धाप लागते. छातीत जळजळ असेल तर वाईन ती वाढवते. आणि जे घेत नाहीत, त्यांनी आरोग्यासाठी म्हणून सुरुवात करू नये. त्यांचे काहीही हुकत नाही. हृदयासाठी काही करायचेच असेल तर रोज अर्धा तास झपझप चाला, मीठ-तळण कमी करा, तंबाखू सोडा आणि रक्तदाब मोजून घ्या. यांपैकी एकाही गोष्टीला परवाना लागत नाही.

त्या तरुणाला मी पुन्हा बसवले आणि हे सगळे सांगितले. तो थोडा हिरमुसला. म्हणाला, ‘‘म्हणजे हार्टला चांगली नाही?’’

‘‘नाही,’’ मी म्हटले, ‘‘जिभेला चांगली असते, कधीतरी. हार्टचं नाव घेऊन पिऊ नकोस. आणि सध्या जळजळ थांबेपर्यंत तीही बंद.’’

त्याने महिन्याभराने यकृताची रक्ततपासणी करून येतो म्हणून सांगितले आहे. यावेळी त्याने काय ऐकले आणि मी काय बोललो, हे केसपेपरवर लिहून ठेवले आहे.